मंगळाचं पाणी आणि मध्ये येणारी हवा

फिजिक्सच्या लॅबमधलं स्पेक्ट्रोमीटरचं प्रॅक्टिकल आठवतंय? पडदे ओढलेले, टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा, मध्ये प्रिझम. एक डोळा मिटून तुम्ही रेषा शोधताय आणि पार्टनर कंटाळून विचारतोय, झालं का? व्हर्नियर वाचायचं, जर्नल पूर्ण करायचं आणि सुटायचं. आपल्यातल्या बहुतेकांची या उपकरणाशी ओळख तिथेच संपते.

एका फ्रेंच माणसाने मात्र याच उपकरणापायी आख्खं आयुष्य उधळलं. ज्यूल जान्सेन त्याचं नाव. आपल्या पुस्तकांत तो हेलियमच्या शोधात एका ओळीपुरता येतो आणि जातो. पण त्याने आयुष्यभर जिच्याशी झोंबी घेतली ती गोष्ट त्या ओळीत नसते. ती म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा, आणि त्या हवेतली पाण्याची वाफ.

जान्सेनचा जन्म पॅरिसमधला, २२ फेब्रुवारी १८२४चा. वडील संगीतकार. अगदी लहानपणी झालेल्या अपघातात एक पाय कायमचा अधू झाला, त्यामुळे रीतसर शाळा अशी झालीच नाही. घरची परिस्थिती ओढग्रस्त, म्हणून सोळाव्या वर्षी बँकेत कारकुनी. तिथे सात-आठ वर्षं आकडेमोड केल्यावर पंचविशीत त्याने आपल्याकडच्या बारावीच्या तोडीची परीक्षा दिली. ज्या वयात आपल्याकडे घरचे ‘आता सेटल हो’ म्हणून मागे लागतात, त्या वयात या गड्याचं शिक्षण सुरू होत होतं. १८५७ मध्ये तो पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला पेरूला गेला आणि जंगलात इतका आजारी पडला की काम अर्धवट टाकून परतावं लागलं. डॉक्टरेट मिळाली तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

त्या सुमारास युरोपातल्या शास्त्रज्ञांना वर्णपटाने वेड लावलं होतं. सूर्याचा प्रकाश प्रिझममधून नेला की सप्तरंगी पट्टा दिसतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तो पट्टा नीट मोठा करून पाहिला तर त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा दिसतात. वाटेतला वायू आपल्या आवडीचे ठरावीक रंग गिळतो आणि त्या जागी काळी रेष उरते. प्रत्येक वायूची आवड वेगळी, म्हणून रेषा वाचल्या की वायू ओळखता येतो.

अडचण एकच होती. सूर्याचा प्रकाश दोन हवांमधून येतो, एक सूर्याची, दुसरी आपली. मग कुठली रेष कुणाची?

स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने आधीच पाहून ठेवलं होतं की सूर्य क्षितिजाजवळ असला की काही पट्टे गडद होतात. जान्सेनने पॅरिसमधल्या घरीच चांगला स्पेक्ट्रोस्कोप मांडला आणि ते पट्टे सकाळ-संध्याकाळ तपासायला घेतले. मोठं करून पाहिल्यावर पट्ट्यांच्या बारीक रेषा झाल्या. त्या दिवसभर असतात, फक्त दुपारी फिक्या पडतात. उगवता-मावळता सूर्य तिरक्या वाटेने, जास्त जाड हवेतून येतो. म्हणजे या रेषा आपल्या हवेच्या असणार.

‘असणार’वर थांबला तर तो जान्सेन कसला! १८६४ मध्ये हा लंगडत्या पायाचा माणूस आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर जाऊन बसला. उंची साधारण २,६८० मीटर. तिथे त्या रेषा फिक्या झाल्या. मग त्याने सूर्यच गोष्टीतून काढून टाकला. जिनिव्हा सरोवराच्या काठी लाकडांची मोठी होळी पेटवली आणि सुमारे २१ किलोमीटरवरून तिचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला. जवळून पाहताना त्या आगीच्या प्रकाशात काळ्या रेषा नव्हत्या. सरोवरावरची दमट हवा ओलांडून आल्यावर त्याच रेषा हजर.

तरीही हवेतला नेमका कोण, हे उरलंच. त्यासाठी १८६६ मध्ये त्याने पॅरिसच्या ला व्हिलेत इथल्या गॅसच्या कारखान्यात ३७ मीटर लांबीची लोखंडी नळी आडवी टाकली. क्रिकेटच्या दोन पिच एकापुढे एक ठेवल्या तर जवळपास तेवढी. नळीत दाबाखाली वाफ भरली, एका टोकाला गॅसचे दिवे लावले आणि दुसऱ्या टोकाला डोळा. होळीच्या प्रकाशात, मावळत्या सूर्याच्या प्रकाशात दिसणारे ते पट्टे नळीतही तयार झाले. गुन्हेगार सापडला, पाण्याची वाफ.

मला हा प्रयोग हेलियमपेक्षा मोठा वाटतो. कारण या नळीनंतर पाण्याची वाफ दुरून, नुसत्या प्रकाशावरून ओळखता येऊ लागली. तिथे जायला नको, बाटलीत भरून आणायला नको.

आणि अशी किल्ली हातात आल्यावर कुणाचाही हात ज्या कुलपाकडे जाईल, त्याच कुलपाकडे त्याचा गेला. मंगळ! दुर्बिणीतून मंगळाच्या ध्रुवांवर पांढऱ्या टोप्या दिसत, उन्हाळ्यात त्या आक्रसत. बर्फ असेल तर वितळून वाफ होत असेल, वाफ असेल तर तिच्या रेषा दिसायला हव्यात. १८६७ मध्ये जान्सेन इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर चढला. आपली हवा जितकी खाली राहील तितकं बरं, हा हिशेब. कडाक्याच्या थंडीत, रात्री, त्याने मंगळाचा प्रकाश तपासला आणि जाहीर केलं की मंगळाच्या हवेत पाण्याची वाफ आहे. त्याच वर्षी लंडनच्या विल्यम हगिन्सनेही तेच सांगितलं. दोन नामवंतांचा एक निकाल. पुढची काही दशकं ओला, हिरवा, कदाचित वस्ती असलेला मंगळ लोकांच्या डोक्यात घट्ट बसला, त्यामागे दुर्बिणीतल्या चित्रांइतकाच या रेषांचाही हात होता.

निकाल चुकीचा होता. म्हणजे मंगळावर वाफ आहे, पण जान्सेनने पाहिली ती तिथली नव्हती.

पावसाळ्यात एसटीच्या खिडकीशी बसलात की काचेवर वाफ धरते. त्याच काचेतून समोरच्या गाडीच्या काचेवर वाफ आहे का ते सांगा बरं! जान्सेनचं तेच झालं. पृथ्वीवरच्या हवेतली सगळी वाफ खाली पाडून तिचं पाणी केलं, तर सरासरी अडीच सेंटीमीटरचा थर होईल. मंगळावर हाच थर सरासरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आपलं अडीच सेंटीमीटर मध्ये ठेवून तिथला तो पापुद्रा ओळखणं एटनाच्या माथ्यावरूनही शक्य नव्हतं. पण हे आकडे १८६७ मध्ये कुणाकडेच नव्हते.

पुढच्याच वर्षी तो भारतात आला. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण, मुक्काम आंध्रातलं गुंटूर. ऐन पावसाळा असूनही त्या सकाळी आभाळ उघडलं. चंद्राने सूर्य झाकला तेव्हा कडेला दिसणाऱ्या लाल ज्वालांच्या वर्णपटात झगझगीत रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. रेषा इतक्या ठसठशीत होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या मनाने घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भर उन्हात त्याने त्या पाहिल्या. तोवर या ज्वाला बघायला खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे. आता त्या रोज बघता येणार होत्या.

इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरला तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. भांडण पेटायला याहून चांगलं निमित्त नव्हतं, पण दोघांची पुढे दोस्ती जमली आणि फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. ज्वालांमधली एक पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नव्हती. ती नव्या मूलद्रव्याची आहे हे लॉकियरने ठरवलं. तोच हेलियम.

इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. विजयदुर्गावर १८६८ मध्ये हेलियम सापडला, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. तो विजयदुर्गावर आला ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही. तारीख तेवढी दुरुस्त करून पुढे पाठवा.

जान्सेन मात्र ग्रहण संपल्यावर लगेच घरी गेला नाही. सिमल्याला, हिमालयाच्या उंचीवर जाऊन सूर्य पाहत बसला. पुन्हा उंची, पुन्हा हवेच्या वर. ही खोड त्याच्या आयुष्यात सारखी डोकावते.

१८७०च्या डिसेंबरातला किस्सा तर सिनेमात शोभेल असा आहे. जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातलेला आणि २२ तारखेला अल्जेरियात खग्रास ग्रहण. इंग्रज शास्त्रज्ञांनी खटपट करून त्याला वेढ्यातून सुरक्षित बाहेर पडण्याची परवानगी मिळवायची तयारी दाखवली. शत्रूचे उपकार नकोत म्हणून त्याने ती नाकारली. २ डिसेंबरच्या पहाटे, एका खलाशाला सोबत घेऊन, दुर्बिणीचे सुटे भाग टोपलीत बांधून तो बलूनमधून उडाला. शत्रूच्या डोक्यावरून जाऊन काही तासांत अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ उतरला. तिथून अल्जेरियातलं ओरान गाठलं. ग्रहणाच्या दिवशी तिथे ढग. काहीही दिसलं नाही.

(पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १८७१ला, तो पुन्हा भारतात होता, निलगिरीत. तिथलं ग्रहण मात्र छान दिसलं.)

१८७४ मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. त्यासाठी त्याने रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चेंबरसारखा कॅमेरा तयार करवला. ७२ सेकंदांत ४८ फोटो. जपानमधल्या नागासाकीहून त्याने शुक्र टिपला. सिनेमाच्या इतिहासात या यंत्राचं नाव मानाने घेतात. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी केलेल्या सुरुवातीच्या फिल्ममध्ये जान्सेन स्वतःही दिसतो.

एव्हाना सरकारने त्याला पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे वेधशाळा उभारायला जागा दिली होती. युद्धात जळालेला राजवाडा होता तो. तिथे सूर्याचे हजारो फोटो निघाले, मोठी दुर्बीण बसली. पन्नाशी उलटलेली, मानसन्मान मिळालेले, स्वतःची वेधशाळा. आपल्याकडे याला निवांत होणं म्हणतात.

पण तो जुना प्रश्न त्याला सोडत नव्हता. कुठली रेष कुणाची? यावेळी वायू होता ऑक्सिजन. सूर्याच्या प्रकाशात ऑक्सिजनच्या रेषा दिसत. त्या सूर्याच्या की आपल्या? १८८९ मध्ये नवाकोरा आयफेल टॉवर उभा राहिला, तेव्हा जान्सेनने म्यूदाँमधून टॉवरवरच्या विजेच्या दिव्याचा वर्णपट पाहिला. अंतर साडेसात किलोमीटरच्या वर. जिनिव्हाच्या होळीचाच हा शहरी अवतार. दिव्यात ऑक्सिजनच्या रेषा दिसल्या, म्हणजे त्या वाटेतल्या हवेच्या.

आता उलटी बाजू तपासायची होती. हवा कमी केली की रेषा कमी होतात का? त्यासाठी युरोपातलं उंच शिखर हवं, माँ ब्लाँ, ४,८०० मीटरच्या वर. १८८८ मध्ये तो अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आला. १८९० मध्ये, ६६व्या वर्षी, थेट माथ्यावर. चालणं शक्य नव्हतं, म्हणून बर्फावरून ओढायची घसरगाडी करून घेतली आणि वाटाड्यांनी ती दोरांनी वर खेचली. वाटेत वादळाने गाठलं, काही दिवस झोपडीवजा निवाऱ्यात अडकून काढावे लागले. वर पोहोचल्यावर त्याने पाहिलं, ऑक्सिजनच्या रेषा फिक्या झाल्या होत्या.

यावर कुणीही खूश होऊन खाली उतरलं असतं. याने ठरवलं की माथ्यावर कायमची वेधशाळा हवी. पाया घालायला खडक लागेल म्हणून बर्फात बोगदे खणले. खडक लागलाच नाही. मग बर्फावरच बांधली. एकेक तुळई, एकेक फळी माणसांनी पाठीवर वाहून नेली. १८९१ मध्ये या मोहिमेच्या काळात एका तरुण डॉक्टरने डोंगरावर उंचीच्या आजाराने प्राण सोडला. जान्सेनच्या जिद्दीचं कौतुक करताना ते ओझं कुणी वाहिलं, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याची घसरगाडी स्वतःहून वर जात नव्हती. १८९३ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि ६९ वर्षांचा जान्सेन पुन्हा वर जाऊन निरीक्षणं करून आला.

आणि मंगळ? १८९४ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत विल्यम कॅम्पबेलने एक साधी, बिनतोड तुलना केली. चंद्रावर हवा नाही. मंगळ आणि चंद्र आकाशात सारख्याच उंचीवर असताना दोघांचे वर्णपट घ्यायचे. दोघांचा प्रकाश आपल्या सारख्याच हवेतून येणार, त्यामुळे मंगळाच्या वर्णपटात काही जास्तीचं दिसलं तर तेवढं मंगळाचं. त्याला जास्तीचं काहीच दिसलं नाही.

जान्सेनला हे पटलं नाही. १८९५ मध्ये त्याने एटनावरच्या आपल्या निरीक्षणाची बाजू पुन्हा लेखी मांडली. मला इथे त्याची गंमतही वाटते आणि वाईटही. हवेच्या रेषा वेगळ्या काढण्यासाठी होळ्या पेटवणारा, नळ्या टाकणारा, बर्फाचा डोंगर चढणारा हाच माणूस. ऑक्सिजनच्या बाबतीत त्याने जो कठोरपणा दाखवला, तो मंगळाच्या पाण्याच्या बाबतीत त्याला दाखवता आला नाही. काही निष्कर्ष माणसाला फार लाडके असतात, एवढंच म्हणता येईल.

२३ डिसेंबर १९०७ला म्यूदाँमध्येच तो गेला. दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, तीन गोष्टी घडल्या. कॅम्पबेल कॅलिफोर्नियातल्या ४,४०० मीटर उंच माउंट व्हिटनीवर गेला, जान्सेनच्याच हिशेबाने, हवा कमी करायला, आणि तिथूनही त्याला मंगळावर वाफेची खूण मिळाली नाही. म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून आंतोनियादीने मंगळाचे गाजलेले ‘कालवे’ पाहिले, तर ते कालवे नसून सुटे सुटे डाग निघाले. आणि माँ ब्लाँवरची वेधशाळा बर्फात खचत गेल्याने सोडून द्यावी लागली.

नंतरची गोष्ट त्याची नाही, पण ती त्याच्याच वाटेने गेली. म्यूदाँचाच खगोलशास्त्रज्ञ ओदुआँ दोल्फ्यूस १९५९ मध्ये ग्रहांवरच्या वाफेच्या मागे लागून बलूनमधून सुमारे १४ किलोमीटर उंच गेला. १९६३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने वेगळी युक्ती लढवली. मंगळ आपल्यापासून वेगाने दूर जात किंवा जवळ येत असतो तेव्हा त्याच्या रेषा किंचित सरकतात, आपल्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात. त्या सरकलेल्या, जेमतेम दिसणाऱ्या रेषांतून मंगळावरची वाफ पहिल्यांदा खात्रीने हाती लागली. थर अवघ्या काही मायक्रोमीटरचा.

१९७६ मध्ये काचच गेली. व्हायकिंगची दोन यानं मंगळाभोवती फिरू लागली. त्यांच्यावरचं वाफ मोजणारं उपकरण १.३८ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी पाहत होतं. पृथ्वीवरून या लहरी पाहायचा प्रश्नच नाही, कारण आपलीच वाफ त्या जवळजवळ पूर्ण गिळते. मंगळाच्या जमिनीवरून परतणाऱ्या उन्हातून किती गिळलं गेलं, ते मोजत मोजत त्या यानांनी सगळ्या ग्रहाचा वाफेचा नकाशा काढला. हिवाळ्यातल्या ध्रुवावर जवळपास काही नाही. उत्तर ध्रुवाच्या टोपीजवळ ऐन उन्हाळ्यात मात्र थर ८० मायक्रोमीटरच्या घरात, कधी त्याहून वर. उन्हाळ्यात उरलेली ती टोपी पाण्याच्या बर्फाची आहे, हे तेव्हा पक्कं झालं. दीडशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून आक्रसताना दिसायची तीच टोपी.

आज मंगळाभोवती युरोप आणि रशियाचं ट्रेस गॅस ऑर्बिटर फिरतंय. २०१८च्या धुळीच्या महावादळात मंगळावरची वाफ ८० किलोमीटरपर्यंत वर चढलेली त्याने पाहिली. तिथून तिचा हायड्रोजन अवकाशात निसटतो, म्हणजे मंगळ अजूनही थोडं थोडं पाणी गमावतोय. या यानाची मोजायची एक पद्धत अशी आहे, की मंगळाच्या कडेआड सूर्य जाताना किंवा कडेवरून वर येताना त्याच्याकडे रोखून बघायचं, म्हणजे उन्हाला तिथल्या हवेतून तिरकी, लांबलचक वाट कापावी लागते आणि वाफेच्या रेषा गडद होतात.

पॅरिसमधल्या त्या घरातून जान्सेन सकाळ-संध्याकाळ सूर्याकडे असंच बघायचा. मंगळावरच्या एका मोठ्या विवराला त्याचं नाव दिलेलं आहे.